उपकारस्तुतीचा मांडव

ऑपरेशननंतर मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर अभिनंदनानं. टाके ओढायचे, डावा हात खांद्यापासून सुजायचा, पण त्यासाठी निदान गोळ्या होत्या. अभिनंदनावर काही इलाज नव्हता. लोक जाळीच्या पिशवीतून मोसंबी घेऊन यायचे, पलंगासमोरच्या खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, "वाचलात बाई! केवढी देवाची कृपा!" मी मान हलवायची. मग सगळे उभे राहायचे, कोणीतरी प्रार्थना करायचं, आमेन व्हायचं आणि सासूबाई चहा टाकायला आत जायच्या. मी तोंडातून एक शब्दही न काढता भेट पार पडायची.

आम्ही नगरला ख्रिस्ती वस्तीच्या कंपाउंडात राहत होतो. नव्वद सालाच्या पुढची ही गोष्ट. सबंध कंपाउंडात फोन एकच, तोही चर्चच्या पाळकसाहेबांच्या बंगल्यावर. मी कंपाउंडातल्याच मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि माझा नवरा मुलांच्या हायस्कुलात गणित. घरात तिसऱ्या सासूबाई. आम्हाला मूलबाळ नाही. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी वाट बघत बसणार नाही.

गाठ माझी मलाच सापडली, अंघोळ करताना. त्यानंतर सगळं इतक्या घाईनं झालं की मला नीट घाबरायलाही सवड मिळाली नाही. इथल्याच एका हॉस्पिटलात डावा स्तन काढला. रेडिएशनला, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला शेक म्हणायचे त्याला, पुण्याला चुलतदिराकडे राहून आले. परत आल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आता काही नाही." हे वाक्य आमच्या घरानं फारच मनावर घेतलं. खरोखरच काही झालं नव्हतं, असं सगळे वागायला लागले. आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं. 'तिचं ते दुखणं' एवढंच. स्तन हा शब्द तर मराठी शिकवणाऱ्या माझ्याही तोंडून कधी मोठ्यानं निघाला नव्हता.

मला घरी बसवलं होतं. विश्रांती घे, असं सगळे म्हणत, आणि विश्रांती म्हणजे खिडकीजवळचा पलंग. शाळा एवढी जवळ की घंटा घरात ऐकू यायची. पहिला तास, दुसरा तास, मधली सुट्टी. सातवीचा मराठीचा तास कोणता ते मला पाठ होतं आणि तो आता कोण घेतं आणि कसा घेतं तेही मला ऐकू यायचं, कारण ती बाई खिडकीशी उभी राहून वाचायची आणि प्रत्येक ओळीनंतर "समजलं?" म्हणायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अगं, नाही समजलं. पण मी पलंगावर होते.

सासूबाई फार चांगल्या होत्या आणि हीच अडचण होती. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. मला पाण्याचा तांब्या उचलू देत नसत, केससुद्धा त्याच विंचरून देत. न्हाणीतून यायला मला जरा उशीर झाला की दाराशी येऊन उभ्या. "झालं का गं? पडलीबिडली नाहीस ना?" मी पडलेली नसे. मी आत भिंतीकडे तोंड करून उभी असे, कारण पाठीमागच्या भिंतीला आरसा होता.

हातासाठी एक व्यायाम दिलेला होता. भिंतीला बोटं टेकवायची आणि ती कोळ्यासारखी वर वर चढवायची. जिथं दुखेल तिथं थांबायचं. मी थांबले की पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारायची. एवढं एकच काम दिवसभरात माझं स्वतःचं होतं.

नवरा बाहेरच्या खोलीत झोपायचा. "तुला धक्का लागू नये म्हणून," असं म्हणाला होता. धक्का लागण्याचे दिवस कधीच सरले होते. आत ये असं म्हणायची मला लाज वाटायची आणि येऊ नये असंही वाटायचं. त्यालाही काय वाटत होतं कोण जाणे. भला माणूस. कोणी विचारलं, "कशी आहे तब्येत?" की माझ्या आधी तोच म्हणायचा, "एकदम उत्तम."

अशात सासूबाईंनी उपकारस्तुतीचं काढलं.

माणूस मोठ्या संकटातून सुटला की आमच्यात घरी उपकारस्तुती करतात. दारापुढं मांडव घालायचा, चर्चच्या मंडळीला बोलवायचं, गाणी, प्रार्थना, पाळकसाहेबांचा संदेश आणि मग मटण-भात. सगळ्यात महत्त्वाची असते ती साक्ष. जो सुटला त्यानं स्वतः उभं राहून सांगायचं की मी असा असा आजारी होतो, देवानं मला बरं केलं, मी त्याचे आभार मानतो. साक्ष झाली की तो माणूस बरा झाला असं सगळे धरून चालतात. मला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा सासूबाईंनी देवाला शब्द दिला होता. आता तो पाळायचा होता.

"दोन वाक्यं तर बोलायचीत," सासूबाई म्हणाल्या. "वर्गात दिवसभर बडबडतेस की."

माझ्या मुख्याध्यापिकासुद्धा भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "साक्ष होऊन जाऊ दे. मग रुजू व्हा." म्हणजे शाळेचा रस्ताही त्या मांडवातूनच जात होता. आणि मला आभार मानायचे नव्हते. कोणाचेच. माझ्या मनात आभाराचा टिपूससुद्धा नव्हता. होता तो राग, आणि त्या रागाची भीती. वाचलेल्या बाईनं रागवायचं कोणावर? ज्यांनी वाचवलं त्यांच्यावर? मी कृतघ्न आहे असं मला वाटायचं.

त्याच सुमारास हॉस्पिटलात एक नवीन मुलगी आली होती. मुलगीच म्हणायची, तिशीच्या आतली. ऑपरेशन झालेल्या बायकांशी बोलायचं, हे तिचं काम. तेव्हा समुपदेशन हा शब्द आमच्याकडं कोणाला माहीत नव्हता, आणि नुसतं बोलायला पगार मिळतो ह्याचं सासूबाईंना हसू आलं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं, मंगळवारी येत जा. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला धुतलेल्या चादरी ठेवायची खोली होती, तिथं आम्ही बसायचो. चादरींच्या थप्प्या, फिनेलचा वास आणि चार-पाच बाया. आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो.

पहिल्या दिवशी ताईनं छापील प्रश्न वाटले. 'गेल्या आठवड्यात आपणांस खिन्नता अथवा हताशपणा जाणवला काय?' पुढं चार उत्तरं, कधीच नाही पासून नेहमी पर्यंत. मी आदर्श विद्यार्थिनीसारखी सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली आणि दोन ठिकाणी शुद्धलेखनही सुधारून दिलं. माझ्या शेजारी नेवाशाकडची एक शेतकरीण होती. वयानं माझ्याहून मोठी, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "खिन्नता म्हंजी काय वो ताई?"

ताई सांगायला गेली, पण तिच्या आधी त्या मावशींच्या मागं बसलेली त्यांची सून म्हणाली, "तसलं काय न्हाई त्यान्ला. लिवा, काय न्हाई."

आणि माझ्या मागं बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या हिलाही काही नाही. देवाच्या कृपेनं खुशाल आहे."

कारण एकटी कोणी आलेलीच नव्हती. आमच्याकडं आजारी बाईला दवाखान्यात एकटीला कोण पाठवतं? प्रत्येकीच्या मागं सोबतीला एक. सासू, सून, जाऊ, नणंद. ताई विचारायची समोरच्या बाईला, आणि उत्तर यायचं मागून. तिच्या शिक्षणात कोणी तिला हे सांगितलेलं नसावं. ती आमच्या डोक्यांवरून मागच्या रांगेकडं बघत राहिली. मला तिची कीव आली. नवीन शिक्षिकेचा पहिला वर्ग कसा असतो ते मला ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी कागद नव्हते. ताईनं सोबतीच्या बायकांना सांगितलं की हॉस्पिटलला मदत पाहिजे, ड्रेसिंगच्या गॉजच्या घड्या घालायला माणसं कमी पडतात. व्हरांड्यात सतरंजी घातलेली होती. मदत म्हटल्यावर सासूबाई नाही म्हणणार नाहीत हे तिनं बरोबर हेरलं होतं. सगळ्या सोबतिणी हात धुऊन बाहेर जाऊन बसल्या आणि आमच्या पाठी पहिल्यांदा मोकळ्या झाल्या.

आत ताईनं आम्हाला एकच नियम घातला. "इथं कोणी रडली तर तिला थांबवायचं नाही. 'होईल नीट' म्हणायचं नाही. देवाची इच्छा म्हणायचं नाही. आणि लगेच प्रार्थना करायची नाही." शेवटचं म्हणताना ती माझ्याकडं बघत होती. ती आमच्यातली नव्हती, पण आमच्या वस्तीतल्या बायकांना तिनं वॉर्डात पाहिलेलं असणार. एखादीचा गळा दाटून आला की दुसरी चटकन तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करते, आणि मग देव ऐकत असताना कोण रडणार? ती डोळे पुसते. हे मी स्वतः कितीतरी जणींना प्रेमानं केलेलं होतं.

मग ताईनं विचारलं, "दिवसभरात तुमचं अडतं कुठं?"

कसं वाटतं असं नाही, अडतं कुठं. हा प्रश्न सगळ्यांना कळला. मावशी पायाच्या बोटातलं जोडवं फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "नातवापाशी अडतं. सून माझ्याकडं पोराला देत न्हाई. हात लावू देत न्हाई. त्ये रडतं, मी बसलेली असते तिथंच, तरी ती चुलीवरनं उठून येती आन् घेऊन जाती."

मी लगेच सरसावले. हा आजार शिवून होत नाही, लागत नाही, सुनेला आत बोलवा, मी समजावून सांगते. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा, बाई."

"लागत न्हाई ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या. "डाक्टरनं सांगितलंय. सुनंला बी ठावं हाय. तिच्या म्होरंच सांगितलंय." आणि त्या रडायला लागल्या. हुंदके देऊन नाही, नुसतं पाणी वाहत होतं. आम्ही बघत बसलो. माझे हात शिवशिवत होते. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या आपोआप थांबल्या, नाक शिंकरलं आणि माझ्याकडं वळल्या.

"आन् तुमचं वो बाई? तुमचं कुठं अडतंय?"

"मला आभार मानायचे नाहीत," मी म्हणाले.

बोलून गेले आणि दाराकडं बघितलं. बाहेर सासूबाई कोणालातरी घडी कशी घालायची ते शिकवत होत्या. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"मग नका मानू," मावशी म्हणाल्या.

"घरापुढं मांडव पडणार आहे."

"आगं बाई! मंग तर झालंच." आणि आम्ही दोघी हसायला लागलो. किती महिन्यांनी हसले कोण जाणे, टाक्यांची जागा ताणली गेली.

पुढच्या मंगळवारी ताई म्हणाली, जे घरी बोलायचंय ते इथं आधी बोलून बघू. मावशींना म्हणाली, तुम्ही बाईंच्या सासूबाई व्हा. मावशी एका पायावर तयार. डोक्यावरून पदर घेतला, पाठ ताठ केली आणि हुबेहूब माझ्या सासूबाईंसारखा हात उडवून म्हणाल्या, "मी देवाला सबूद दिलाय!" व्हरांड्यातून येता-जाता एवढं सगळं त्यांनी टिपलं होतं.

"आई, मला साक्ष द्यायची नाही," मी म्हणाले.

"का म्हनं? देवानं वाचीवलं न्हाई का तुला?"

मला पुढं बोलताच येईना. सातवीच्या पोरींना मी उत्तर अडलं की म्हणायची, आठवा, आठवा. आता मलाच काही आठवत नव्हतं. मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि मग त्यांचा आवाज खाली आला. सोंग तसंच होतं, पण आवाज वेगळा झाला. "तू गेली असतीस तर म्या काय केलं असतं? कुनाकडं बघितलं असतं?"

ते त्या माझ्या सासूबाई म्हणून बोलल्या की स्वतःच्या सुनेकडून ऐकायचं होतं म्हणून, मला कळलं नाही. ताईनंही विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही तिथंच थांबलो.

घरी मात्र एकही वाक्य धड निघालं नाही. सासूबाईंना म्हटलं, "आई, साक्षीचं जरा राहू दे." त्या म्हणाल्या, "लाजू नकोस." नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला बोलावंसं वाटत नाही." तो म्हणाला, "मग मी बोलतो तुझ्या वतीनं. तू नुसती शेजारी उभी राहा." त्याला वाटलं त्यानं माझी सुटका केली. मी त्या रात्री जेवले नाही. नवरा एकदा मांडवात उभा राहून 'एकदम उत्तम' म्हणाला की मग संपलं. मग मी उरलेला सगळा जन्म उत्तम. त्यानंतर मला रडायचं असेल तर ते देवाला आणि नवऱ्याला दोघांनाही खोटं पाडून रडावं लागणार होतं.

मांडवाच्या आधी घराला चुना दिला. मी दुपारी जरा पडले होते, उठून बघते तर माझ्या पेन्सिलीच्या रेघांची भिंत पांढरीशुभ्र. "किती घाण झाली होती," सासूबाई म्हणाल्या. मी ओल्या चुन्याला बोटं टेकवून उभी राहिले. कुठवर चढले होते ते मला आठवेना.

उपकारस्तुतीच्या दिवशी मांडव भरला होता. पेटी, तबला, पुढं पाळकसाहेबांची खुर्ची, मागं चुलाण्यावर मटणाचं पातेलं. मला मोतिया रंगाची साडी नेसवली होती. ब्लाउजमध्ये डावीकडं मी हातरुमालांत कापूस गुंडाळून ठेवत असे, आणि तो हात जरा वर गेला की सरकायचा. त्यामुळं गाण्याला टाळ्यासुद्धा मी जपून वाजवत होते. दोन्ही बाजूंना बायका खेटून बसलेल्या. उठून जायला वाट नव्हती.

गाणी झाली आणि आधी सासूबाई उभ्या राहिल्या. शब्द त्यांचा होता, म्हणून पहिला मान त्यांचा. त्या छान बोलल्या. किती घाबरल्या होत्या, कशी प्रार्थना केली, डॉक्टर काय म्हणाले. आणि शेवटी दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "आज बघा. माझ्या सुनेला काही झालंच नव्हतं, असं देवानं केलं!"

"आमेन," सगळे म्हणाले.

नवरा घसा साफ करत उठायला लागला. आणि मी उठले. धीटपणा वगैरे काही नव्हता. 'काही झालंच नव्हतं' हे मला सहन झालं नाही, एवढंच.

"झालंय," मी म्हणाले. "मला कॅन्सर झाला होता. माझा डावा स्तन काढलाय."

माझा आवाज वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "आईंनी देवाचे आभार मानले, ते त्यांचे आहेत. माझ्या मनात अजून आले नाहीत. आले की मी सांगेन. आज खोटी साक्ष देत नाही."

मी खाली बसले. पाळकसाहेबांनी पेटीवाल्याकडं बघितलं आणि पेटीवाल्यानं घाईघाईनं एक गाणं धरलं. सगळी मंडळी इतक्या मोठ्यानं गायला लागली की जणू मी बोलले ते त्या आवाजानं पुसून निघणार होतं. गाणं संपलं, प्रार्थना झाली, पंगती बसल्या. मटणाची सगळ्यांनी वाहवा केली. माझ्याशी कोणी काही बोललं नाही. बायका माझ्या पदराकडं बघायच्या आणि चटकन भाताकडं बघायच्या.

मांडव सोडताना नवरा म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात," मी म्हणाले.

तो दोरीची गाठ सोडत राहिला. गाठ सुटली तरी तो बोटं हलवतच होता.

सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, केसही विंचरायच्या, पण मुक्यानं. वाटलं होतं, खरं बोलले की मोकळी होईन. झालं उलटंच. आता कोणी मोसंबी घेऊनही येईना. शाळेकडून निरोप आला की घाई नाही, सावकाश या. घंटा वाजायची, शाळेतली ती बाई "समजलं?" म्हणायची, आणि मी त्याच पलंगावर. फक्त आता कृतघ्न हे नाव माझ्या पाठीला अधिकृतपणे लागलेलं.

मंगळवार आला तेव्हा मला वाटलं, सासूबाई येणार नाहीत. पण त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. आजारी माणसाची सोबत मोडायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. हॉस्पिटलपर्यंत दोघी गप्प चालत गेलो. त्या व्हरांड्यात गॉज घेऊन बसल्या, मी आत गेले. मावशींना सगळं सांगितलं. ऐकून मावशी म्हणाल्या, "लई बोलली गं बाय तू," आणि माझा हात धरून बसल्या.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई आत आल्या, हातात अर्धवट घडी तशीच. "मला इथं बसायचंय," त्या ताईला म्हणाल्या. ताईनं माझ्याकडं बघितलं. सासूबाई माझ्याशेजारी नाही, समोर बसल्या, चादरींच्या थप्पीला टेकून.

त्या मूळच्या प्रवरेकाठच्या, कोल्हारकडच्या. कंपाउंडात जन्म गेला, बोलणं कंपाउंडासारखं झालं. पण जीव कासावीस झाला की गावचं बोलणं परत यायचं.

"हिला आत नेलं तवा मी बाकड्यावर बसले हुते," त्या ताईकडं बघत म्हणाल्या. "देवा, हिला वाचव म्हणलं. लई वेळा म्हणलं. पन आयाबाया म्हणत्यात ना, हिच्याबदली मला ने. त्ये माझ्या तोंडात आलं हुतं. मी गिळलं. म्हणलं, देवानं खरंच ऐकलं तर?"

त्या हातातल्या गॉजची घडी उलगडत होत्या.

"मी म्हातारी. माझं काय राहिलंय? तरी न्हाई म्हणाले. ही मला आई म्हणती. आई आसते तर म्हणाले आसते. मग मांडव कबूल केला. म्हणलं, तेवढं तरी करू. आन् हिनं भर मांडवात सांगितलं, मला आभार न्हाईत. मला वाटलं, हिला कळलं."

आणि त्या रडल्या. मी सासूबाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. मला राग यायला हवा होता. पण मला इतकं बरं वाटत होतं की मी घाबरले. ऑपरेशनपासून त्या घरातलं कोणी मला पहिल्यांदा काहीतरी खरं सांगत होतं. त्यांचं रडणं पुरं होईपर्यंत मी थांबले.

"आई," मी म्हणाले, "तुमच्यासाठी मीही म्हटलं नसतं."

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"त्ये ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.